बोर्ड मेकॅनिकल कॅडमध्ये आणला की पार्ट सरकतात, उलटतात, गायब होतात: दरवेळी येणारा हा घोळ कुठे शोधायचा

सर्किट बोर्डाच्या लेआउट सॉफ्टवेअरमध्ये सगळं जागच्या जागी असतं. फाईल निघते, केसिंग काढायच्या मेकॅनिकल कॅडमध्ये उघडते, एकही एरर येत नाही. आणि तीन पिनांचा कनेक्टर केसिंगच्या खाचेपासून अडीच मिमी बाजूला बसलेला दिसतो. मग कुणीतरी तो ओढून जागेवर आणतं आणि काम पुढे सरकतं. काही दिवसांनी बोर्डाची नवी आवृत्ती येते, आणि कनेक्टर पुन्हा अडीच मिमी बाजूला.

हा घोळ परत परत येतो कारण दुरुस्ती भलत्याच टोकाला होते. असेंब्लीत (सगळे भाग एकत्र बसवलेल्या मॉडेलमध्ये) हाताने सरकवलेला पार्ट ही फक्त त्या एका आयातीपुरती मलमपट्टी असते. पुढची आयात फाईलमधले आकडे वाचते, तुम्ही काय सरकवलं होतं ते तिला माहीतच नसतं. त्याहून वाईट म्हणजे, अंदाजाने ओढलेल्या जागेवर कुणी केसिंगची खाच कापली तर चूक आता प्लास्टिकमध्ये उतरली. म्हणून माझं ठाम मत आहे: आयात केलेल्या बोर्डावरचा पार्ट मेकॅनिकल बाजूला हाताने हलवायचाच नाही, घाई कितीही असो. बिघाड आयात करताना दिसतो, पण बहुतेक वेळा तो निर्यातीत किंवा लायब्ररीत झालेला असतो, आणि तिथेच तो कायमचा जातो.

आधी मोजा

सेटिंग बदलून बघण्याआधी तीन गोष्टी निवडा: एक माउंटिंग होल, वरच्या बाजूचा एक पार्ट आणि खालच्या बाजूचा एक पार्ट. लेआउटमध्ये माउंटिंग होलपासून दोन्ही पार्टांचं एक्स आणि वाय अंतर वेगवेगळं लिहून घ्या. तीच अंतरं मेकॅनिकल कॅडमध्ये मोजा. ओरिजिनपासून, म्हणजे शून्य बिंदूपासून, मोजू नका, कारण ओरिजिनच चुकलेला असू शकतो आणि मग काहीच कळत नाही. कनेक्टरसारख्या पार्टात मोजताना त्याच्या पिनपर्यंत मोजा, बॉडीच्या मध्यापर्यंत नको.

या अंतरांवरून निदान जवळजवळ आपोआप होतं. अंतरं दोन्हीकडे तंतोतंत जुळतात, पण अख्खा बोर्ड केसिंगपासून दूर जाऊन पडलाय, तर प्रश्न ओरिजिनचा आहे. काही पार्ट जुळतात आणि काही नाहीत, शिवाय प्रत्येकाचा फरक वेगळा आहे, तर दोष त्या त्या पार्टच्या थ्रीडी मॉडेलमध्ये आहे. वरचे सगळे बरोबर आणि खालचे सगळे चूक, तर पलटवण्याचा नियम दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळा आहे. आणि अंतरांचं गुणोत्तर २५.४ किंवा ३९.३७ आलं तर पुढे काही शोधायची गरजच नाही, एकक चुकलंय. २५.४ म्हणजे इंच आणि मिमीची गल्लत, ३९.३७ म्हणजे मिमी आणि थाऊची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. लेआउटवाले त्यालाच मिल म्हणतात, आणि बोलताना ‘मिल’ आणि ‘मिमी’ यांची गफलत होते ती वेगळीच.

फाईलमध्ये नेमकं काय असतं

बोर्ड पाठवण्याचे तीन रस्ते सर्रास वापरले जातात, आणि प्रत्येकाचं दुखणं निराळं आहे.

आयडीएफ हा सगळ्यात जुना. आजही जी आवृत्ती जवळपास सगळीकडे चालते ती ३.०, म्हणजे १९९६ सालची. यात दोन फाईली असतात: बोर्डाची, जिचं एक्स्टेंशन बहुतेकदा ईएमएन असतं, आणि पार्टच्या लायब्ररीची, ईएमपी. दोन्ही साध्या टेक्स्ट फाईली आहेत, नोटपॅडमध्ये उघडतात. ही या फॉरमॅटची सगळ्यात मोठी सोय आहे आणि तिचा फायदा फार कमी लोक घेतात.

दुसरा रस्ता स्टेप, म्हणजे आयएसओ १०३०३. इथे खरी थ्रीडी बॉडी येते, एककही फाईलमध्येच लिहिलेलं असतं. पण बोर्ड, भोकं, पार्ट हे सगळे नुसते घन आकार म्हणून येतात. हे भोक माउंटिंगचं आणि ते व्हियाचं (बोर्डाचे थर जोडणारं बारीक भोक), अशी ओळख त्यात उरत नाही.

तिसरा आयडीएक्स. हा एक्सएमएलमध्ये असतो, प्रोस्टेप आयविप या संघटनेच्या शिफारशीवर बेतलेला. यात दरवेळी पूर्ण बोर्ड पाठवायचा नसतो. एकदा मूळ स्थिती दोन्ही बाजूंनी मान्य करायची, मग फक्त बदल पाठवायचे, आणि समोरच्याने प्रत्येक बदल स्वीकारायचा किंवा नाकारायचा. दोन्ही सॉफ्टवेअरना तो नीट जमत असेल तर खुशाल वापरा. फक्त मूळ स्थिती मध्येच कुणी नव्याने पाठवली तर आधीच्या बदलांची साखळी तुटते, आणि स्वीकारलेला बदलही परत नवा म्हणून समोर येतो. हे लक्षण दिसलं की आधी विचारा, मूळ स्थिती कुणी परत काढली का.

आता ईएमएन फाईल उघडा. सुरुवातीच्या हेडरमध्ये बोर्डाच्या नावापुढे एकक असतं: एमएम किंवा थाऊ. त्यानंतर बोर्डाची जाडी आणि बाह्यरेषेचे बिंदू. मग भोकांची यादी, आणि शेवटाकडे प्लेसमेंटचा भाग. तिथे प्रत्येक पार्टच्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव, पार्ट नंबर आणि जे३, यू७ असं बोर्डावरचं नाव. दुसऱ्या ओळीत सहा गोष्टी: एक्स, वाय, बोर्डापासूनची उंची, फिरवण्याचा कोन, बाजू आणि स्थिती. मूळ फाईलमध्ये हे रोमन लिपीत असतं, पण वाचायला असं:

३४.२९० १२.७०० ०.० ९०.० टॉप प्लेस्ड

कनेक्टर बाजूला सरकलेला दिसला की आधी ही ओळ बघायची. आकडे लेआउटमधल्या जागेशी जुळतात का? जुळत असतील तर निर्यात बरोबर आहे, दोष मॉडेलमध्ये किंवा वाचणाऱ्यात आहे. जुळत नसतील तर मेकॅनिकल सॉफ्टवेअरला बोल लावायचं कारणच नाही. पाच मिनिटांत अर्धा प्रश्न बाद होतो. ‘अनप्लेस्ड’ अशी स्थिती असलेले पार्टही इथेच सापडतात. ओरिजिनवर एकावर एक पडलेला पार्टांचा ढीग दिसतो तो बहुधा त्यांचाच.

अख्खा बोर्ड भलतीकडे

लेआउट सॉफ्टवेअरचा ओरिजिन बऱ्याचदा कागदाच्या कोपऱ्यात असतो, बोर्डाच्या नव्हे. किकॅड या लेआउट सॉफ्टवेअरमध्ये तो पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय अक्ष खाली वाढतो. बोर्ड पानाच्या मध्यावर काढला असेल तर तो केसिंगपासून दीडशे मिमी लांब जाऊन पडणारच. निर्यातीच्या खिडकीत ओरिजिन निवडायचा पर्याय असतो: ड्रिलचा, ग्रिडचा, स्वतः दिलेला, किंवा बोर्डाचा मध्य.

‘बोर्डाचा मध्य’ हा पर्याय दिसायला सोयीचा आहे आणि नेमका तोच टाळायला हवा. बोर्डाची उजवी कड २ मिमी वाढवली की मध्य १ मिमी सरकतो, म्हणजे ज्या भोकांना आणि कनेक्टरांना कुणी हातही लावलेला नाही तेसुद्धा केसिंगमध्ये १ मिमी सरकलेले दिसतात. मग मेकॅनिकलवाला म्हणतो लेआउटमध्ये बदल झाला, लेआउटवाला शपथेवर सांगतो झाला नाही, आणि दोघेही खरंच बोलत असतात.

डावा खालचा कोपरा त्यापेक्षा बरा, पण कोपऱ्याला गोलाई असली तर तिथे पकडायला बिंदूच नसतो, आणि कड बदलली की तोही सरकतो. सगळ्यात भरवशाचा ओरिजिन म्हणजे एका माउंटिंग होलचं केंद्र. ते भोक केसिंगच्या बॉसवर (स्क्रूसाठीच्या उंचवट्यावर) बसतं, म्हणजे दोन्ही बाजूंना त्या बिंदूला खरा अर्थ आहे, आणि सहसा ते उगाच कुणी हलवत नाही. ड्रिल ओरिजिन त्या केंद्रावर ठेवा, निर्यातीत तोच निवडा, आणि केसिंगमध्येही त्याच बॉसच्या मध्यावर कोऑर्डिनेट सिस्टिम बनवा. दोन सिस्टिम एकमेकांवर ठेवल्या की बोर्ड बसला.

झेडचंही आधीच ठरवून घ्यायला हवं. शून्य बोर्डाच्या खालच्या पृष्ठभागावर की वरच्या, यावर सगळ्या सॉफ्टवेअरचं एकमत नाही. बोर्ड नेमका आपल्या जाडीएवढा वर किंवा खाली दिसत असेल तर कारण हेच.

काहीच पार्ट सरकलेले

सुरुवातीचा तीन पिनांचा कनेक्टर इथला. अडीच मिमी हा आकडाच बोलका आहे. दोन पिनांमधलं अंतर २.५४ मिमी, पिना तीन, म्हणजे पहिल्या पिनपासून मधल्या पिनपर्यंत बरोबर २.५४. फूटप्रिंटचा (लेआउटमध्ये पार्टसाठी आखलेल्या जागेचा) ओरिजिन पहिल्या पिनवर आहे आणि थ्रीडी मॉडेलचा ओरिजिन कनेक्टरच्या मध्यावर, किंवा उलट. किकॅडच्या स्वतःच्या लायब्ररीतला संकेत असा आहे की भोकात बसणाऱ्या पार्टचा ओरिजिन पहिल्या पिनवर आणि पृष्ठभागावर बसणाऱ्याचा मध्यावर. दुसरीकडून उतरवलेलं मॉडेल हा संकेत पाळेलच असं नाही. सहा पिनांच्या कनेक्टरला हाच दोष ६.३५ मिमी दाखवेल. म्हणून फरक मोजला की तो आधी पिनांमधल्या अंतराशी ताडून बघा. जुळला तर कारण सापडलं.

दुरुस्ती लायब्ररीतल्या फूटप्रिंटमध्ये, मॉडेलच्या ऑफसेटच्या रकान्यात करायची. फक्त या बोर्डावरच्या एका नगात बदल केला तर पुढच्या बोर्डात तोच कनेक्टर तोच त्रास देईल, आणि लायब्ररीतून फूटप्रिंट अपडेट केला की इथली दुरुस्तीही पुसली जाईल. मॉडेल आयडीएफबरोबर मेकॅनिकल बाजूच्या लायब्ररीतून जोडलं जात असेल तर तिथल्या मूळ पार्ट फाईलचा ओरिजिन बदला, असेंब्लीतला नग नव्हे.

पार्ट जागेवर आहे पण ९० अंशांनी फिरलेला आहे, हे याचंच भावंड. आयसीची पहिली पिन शून्य कोनाला वर-डावीकडे असावी की खाली-डावीकडे, याबद्दल दोन प्रथा आहेत. फूटप्रिंट एका प्रथेचा आणि मॉडेल दुसऱ्या प्रथेचं असलं की पाव फेरीचा फरक पडतो. चौकोनी आयसीत तो डोळ्यांना कळतही नाही, पहिल्या पिनची खूण शोधल्याशिवाय. आणि पार्ट बोर्डावर आडवा पडलेला दिसला तर मॉडेल काढणाऱ्याने वाय अक्ष वर धरला होता. एक्सभोवती ९० अंश फिरवलं की तो उभा राहतो. तेही लायब्ररीतच करायचं.

एक छोटा सापळा आकाराच्या नावांचा. ०६०३ हे नाव इंचाच्या पद्धतीतलं असेल तर पार्ट १.६ बाय ०.८ मिमी, मेट्रिकमधलं असेल तर ०.६ बाय ०.३ मिमी. ०४०२ चंही तसंच. पॅडवर रेझिस्टर चिमुकला दिसत असेल आणि एकक बरोबर असेल, तर नावाची पद्धत तपासा.

फक्त खालची बाजू चुकते

या दोषावर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण तो कधी दिसतो आणि कधी नाही.

पार्ट खालच्या बाजूला न्यायचा तर तो पलटवावा लागतो. कोणी एक्स अक्षाभोवती पलटवतं, कोणी वायभोवती. दोन्ही बरोबर आहेत, पण त्या दोन निकालांत नेमका १८० अंशांचा फरक असतो. शिवाय खालच्या पार्टचा कोन वरून बघून मोजायचा की खालून बघून, हा दुसरा प्रश्न. तिथे चूक झाली की कोनाचं चिन्ह उलटतं.

आता बोर्डावरचे बहुतेक पार्ट ०, ९०, १८० किंवा २७० अंशांवर असतात. चिन्हाची चूक ० आणि १८० ला दिसतच नाही, कारण उणे शून्य म्हणजे शून्यच आणि उणे १८० म्हणजे १८०. ती ९० आणि २७० ला दिसते, आणि तिथे १८० अंशांचा फरक दाखवते. म्हणजे अक्षाच्या चुकीसारखाच. रेझिस्टर आणि सिरॅमिक कपॅसिटर १८० अंशांनी फिरले तरी तसेच दिसतात. त्यामुळे निम्मे पार्ट बरोबर, काही उलटे, काही कळत नाहीत असे, आणि लोक एकेक पार्ट फिरवत बसतात.

यातून सुटायचा खात्रीचा उपाय म्हणजे खालच्या बाजूला एक विषम आकाराचा पार्ट ३० अंशांवर ठेवून बघणं. अक्षाची चूक असेल तर तो १८० अंशांनी फिरलेला दिसेल, चिन्हाची असेल तर ६० अंशांनी, दोन्ही एकदम असतील तर १२० अंशांनी. एका नजरेत निवाडा होतो. दोष कळला की आयातीच्या सेटिंगमध्ये पलटवण्याचा नियम निवडता येतो का बघा. येत नसेल तर आयडीएफ सोडून स्टेप वापरा, कारण स्टेपमध्ये पार्ट पलटून झालेल्या अवस्थेतच येतो आणि वाचणाऱ्याला नियम लावायची वेळ येत नाही.

खालचे पार्ट बोर्डापासून तरंगत असतील किंवा आत रुतले असतील तर जाडी बघा. लेआउटमध्ये जाडी कुणी भरलीच नसेल तर तिथे आधीपासून असलेला आकडा, बहुतेकदा १.६ मिमी, निर्यात होतो. प्रत्यक्ष बोर्ड १ मिमीचा ठरलेला असला तर खालची प्रत्येक वस्तू ०.६ मिमीने चुकते. पातळ केसिंगमध्ये बॅटरीखालचं सगळं गणित यात कोसळू शकतं.

एक तपासणी बोर्ड बनवून ठेवा

वरची ३० अंशांची युक्ती मोठ्या बोर्डावर करायची नसते. त्यासाठी एक छोटा खोटा बोर्ड काढून ठेवा. बाह्यरेषा इंग्रजी एल अक्षरासारखी, म्हणजे आरशातलं प्रतिबिंब लगेच ओळखू येतं. एका कोपऱ्याला गोलाई, आत एक खिडकी, एक माउंटिंग होल. वर एक विषम कनेक्टर ० अंशांवर, दुसरा ३० अंशांवर. खालीही तसेच दोन. एक पार्ट थ्रीडी मॉडेल नसलेला, एक न बसवायचा म्हणून खूण केलेला. बस्स. कुठल्याही बाजूचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेलं, किंवा नव्या माणसाबरोबर काम सुरू झालं, की हा बोर्ड आधी पाठवायचा. खऱ्या बोर्डावर कळणारी चूक इथे आधी कळते, आणि कुणाचंही काम अडत नाही.

पार्ट गायब

लेआउटच्या थ्रीडी दृश्यात पार्ट दिसतोय आणि स्टेपमध्ये नाही, तर मॉडेल कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. व्हीआरएमएल मॉडेल हे त्रिकोणांचं जाळं असतं. दिसायला ते छान, पण स्टेपमध्ये ते घन म्हणून जात नाही. किकॅडमध्ये त्याच फोल्डरात त्याच नावाची स्टेप फाईल असेल आणि निर्यात करताना तशी मुभा दिली असेल तर ती त्याऐवजी घेतली जाते. नसेल तर पार्ट वगळला जातो. निर्यातीच्या खिडकीत खाली इशारे येतात, ते वाचले जात नाहीत इतकंच.

दुसरं कारण वाटेचं, म्हणजे फाईलच्या पाथचं. मॉडेलची वाट एखाद्याच्या मशीनवरच्या खासगी फोल्डरकडे असते. त्याच्याकडे सगळं दिसतं, दुसऱ्याने निर्यात केली की निम्मा बोर्ड रिकामा. प्रोजेक्टसाठी गोळा केलेली मॉडेलं प्रोजेक्टच्याच फोल्डरात ठेवा आणि वाट तिथपासून सापेक्ष द्या. किकॅड ९ मध्ये तर मॉडेल बोर्डाच्या फाईलमध्येच सामावून घेता येतं.

आयडीएफमध्ये गायब होण्याची तऱ्हा वेगळी. तिथे पार्ट नाहीसा होत नाही, त्याचा ठोकळा येतो. मेकॅनिकल बाजू पॅकेजचं नाव आणि पार्ट नंबर यांची जोडी बघून खरं मॉडेल शोधते. लेआउटमध्ये कुणी लायब्ररी नीटनेटकी करताना नावातली एक आडवी रेघ बदलली, की जोडी मोडली आणि काल दिसणारा कनेक्टर आज ठोकळा झाला. अशा वेळी मॅपिंगच्या यादीत नवं नाव जोडून भागतं, पण लायब्ररीतली नावं बदलायच्या आधी समोरच्याला सांगायची शिस्त लागली तर ही वेळच येत नाही.

ठोकळ्यावर किती विश्वास ठेवायचा

आयडीएफमधला पार्ट म्हणजे एक बाह्यरेषा आणि एक उंची. तेवढंच. यातून तीन गैरसमज होतात आणि तिन्ही महागात पडतात.

एक, बाह्यरेषा कुठून आली? काही निर्यातींत ती पार्टच्या बॉडीची नसून फूटप्रिंटभोवतीच्या मोकळ्या हद्दीची, म्हणजे कोर्टयार्डची असते. ती प्रत्येक बाजूला बहुतेकदा ०.२५ मिमी जास्त असते. मग केसिंगच्या भिंतीशी टक्कर दाखवली जाते जी प्रत्यक्षात नाही.

दोन, उंची. ती लायब्ररीत भरलेलीच नसेल तर पार्ट कागदासारखा चपटा येतो किंवा येतच नाही. भरलेली असेल तर ती डेटाशीटमधली नेहमीची उंची आहे की कमाल? केसिंगसाठी कमालच हवी. लायब्ररीत एकदा कमाल उंची भरण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण इथे आळस केला तर झाकण बसत नाही हे पहिला नमुना हातात आल्यावर कळतं.

तीन, आणि हे सगळ्यात जास्त विसरलं जातं: उंची एकाच बाजूची असते. भोकात बसणाऱ्या पार्टच्या पिना बोर्डाच्या पलीकडे दीड-दोन मिमी बाहेर येतात, त्या ठोकळ्यात नसतात. खालच्या बाजूला धातूचं कवच किंवा बॅटरी असेल तर ही नुसती जागेची बाब नाही, शॉर्ट होण्याची आहे. असे पार्ट असतील तिथे त्या जागेखाली मेकॅनिकल बाजूने राखीव घन काढून ठेवा, किंवा तेवढ्या पार्टसाठी तरी खरी मॉडेलं जोडा.

बोर्डच येत नाही, नुसते पार्ट तरंगतात

बाह्यरेषा बंद नाही. दोन रेषांची टोकं डोळ्यांना जुळलेली दिसतात, पण मध्ये मायक्रॉनभर फट असते. बहुतेक वेळा ही रेषा मेकॅनिकल बाजूकडूनच डीएक्सएफ (रेखाटनाची फाईल) म्हणून आलेली असते आणि फट तिच्याबरोबरच आलेली असते. किकॅडच्या स्टेप निर्यातीत टोकं जोडण्याची सहनमर्यादा सैल करता येते, त्याने त्या दिवशीचं काम होईल. पण फट मूळ स्केचमध्ये बुजवा. तीच रेषा पुढे बोर्ड बनवणाऱ्याकडेही जाणार आहे.

केसिंगची कड स्प्लाइन (मुक्त वळणांची रेषा) असेल तर आयडीएफसाठी ती आधीच कंस आणि सरळ रेषांत मोडून द्या, कारण त्या फॉरमॅटला तेवढंच कळतं. ते काम निर्यातीवर सोडलं तर बारीक रेषांचे शेकडो तुकडे येतात आणि परतलेल्या बोर्डाच्या कडेवर एक धड पृष्ठभाग मिळत नाही.

नवी आवृत्ती आणली की मेट (भागांना एकमेकांशी बांधणारी बंधनं) तुटतात

केसिंगवाल्यांची खरी चिडचिड इथे असते. बोर्ड बदलून आणला की असेंब्ली लाल होते, खाचांचे संदर्भ हरवतात. कारण नव्या स्टेपमधला पृष्ठभाग आधीच्यासारखाच दिसत असला तरी कॅडच्या लेखी तो नवा पृष्ठभाग आहे. जुन्या पृष्ठभागाला बांधलेलं मेट कशाला धरणार?

म्हणून आयात केलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला किंवा कडेला थेट काही बांधू नका. बोर्डासाठी एक रिकामी असेंब्ली करा, तिच्यात माउंटिंग होलवरची कोऑर्डिनेट सिस्टिम ठेवा, आणि आयात केलेला बोर्ड फक्त ओरिजिनला ओरिजिन लावून आत बसवा. केसिंगची खाच, बॉस, खिडक्या या एका स्केचमध्ये, त्या सिस्टिमपासून मोजलेल्या अंतरांवर काढा. आयात केलेला कनेक्टर हा खाच बरोबर आहे का ते ताडून बघण्यासाठी आहे, खाच बांधण्यासाठी नाही. नवी आवृत्ती आणताना फाईलचं नाव तेच ठेवा आणि जागच्या जागी बदला. आवृत्तीचा क्रमांक फाईलच्या नावात घातला तर कॅडला तो दरवेळी नवा पार्ट वाटतो. तो क्रमांक गुणधर्मांत किंवा सोबतच्या नोंदीत राहू द्या.

फाईल जड होऊन कॅड रांगायला लागलं तर निर्यात करताना तांब्याच्या रेषा, छापील मजकूर आणि व्हिया वगळा. ०.३ मिमीच्या व्हियांशी केसिंगला काही देणंघेणं नसतं. तरीही जड असेल तर एखाद्या कनेक्टरच्या मॉडेलमध्ये आतल्या स्प्रिंगा आणि आटे कोरलेले असणार. ते बाहेरच्या कवचापुरतं साधं करून घ्या.

मूळ फाईल आपल्या हातात नसेल तेव्हा

बोर्ड दुसऱ्या संस्थेकडून येतो, मिळते ती फक्त स्टेप, आणि बदल करून मागायची सोय नसते. अशा वेळी मूळ दुरुस्त करता येत नाही हे मान्य करून दुरुस्ती एकाच ठिकाणी, नोंदवून करायची. वर सांगितलेल्या रिकाम्या असेंब्लीत आयात केलेला बोर्ड माउंटिंग होलवर आणायला किती सरकवावा आणि फिरवावा लागतो ते आकडे मोजा, आणि मोजलेल्या आकड्यांनी एक ऑफसेट द्या. नजरेने ओढू नका. पुढची स्टेप आली की ती त्याच ऑफसेटवर बसवून सुरुवातीची अंतरं पुन्हा मोजा. जुळली तर पुढे जा. नाही जुळली तर ऑफसेट लगेच बदलू नका. दोन्ही स्टेपमधली माउंटिंग होल ते कनेक्टर अंतरं शेजारी शेजारी लिहून पाठवणाऱ्याला विचारा, की बोर्ड बदलला आहे की निर्यातीचा ओरिजिन.